थांबण्याच्या वेळी कोण होतं

‘आत्ता बंद पडलं होतं,’ मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच हे वाक्य माझं नाही हे मला कळलं. शब्द अण्णांचे, माझ्या वडिलांचे होते, आवाजातला तो किंचित घाईचा, समजूत घालणारा सूरही त्यांचाच. बाजारातल्या लाँड्रीचे महिपती मागच्या पडवीत पाटावर उभे होते, हात पाठीमागे बांधून, देवळात उभं राहावं तसे. आणि त्यांच्यासमोर ते कपडे धुण्याचं मशीन संथ गुणगुणत होतं. पिंपातलं पाणी डावीकडे, उजवीकडे हेलकावे खात होतं. ‘चालतंय की बाई, झकास चालतंय,’ ते म्हणाले. ‘मी दार उघडायला आले तेव्हा बंद पडलं,’ मी पुन्हा म्हणाले. ‘बटण मी दाबलेलंच होतं. तुम्ही आत आलात आणि आपोआप सुरू झालं.’ महिपतींनी माझ्याकडे पाहिलं. भला माणूस. ‘असू दे, असू दे. अण्णासाहेबपण दुकानात येऊन असंच सांगायचे. तुम्हाला दगदग झाली फार. महिनाभर झोप नसंल नीट.’ मग जरा हसून, ‘आमच्या घरची कजागपण पाहुणा आला की अशीच गोड चालती,’ म्हणाले, आणि विकत घेतलेलं मशीन न्यायला उद्या दहाला हातगाडी घेऊन येतो असं सांगून निघून गेले. मी मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्या नजरेपाशी थांबले होते. ती नजर मला आतून ठाऊक होती. दया असते तिच्यात, आणि दयेच्या मागे दार हळूच लावून घेतल्यासारखं काहीतरी. सहा महिने मी अण्णांकडे तशीच पाहत आले होते.

गेल्या फाल्गुनात खंडाळ्याच्या बाजूचा एक साहेब बंगला मोडून विलायतेला गेला. लढाई संपल्यावर असे लिलाव दर आठवड्याला होत. अण्णा सकाळी गेले ते संध्याकाळी बैलगाडीच्या शेजारून चालत आले, आणि गाडीत चार पायांवर उभं असं हे पांढरं पिंप, वर पिळण्यासाठी दोन रबरी रूळ, खाली पोटात मोटर. आई जाऊन चार वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ त्र्यंबक, मुंबईहून आला तेव्हा म्हणाला, ‘आई होती तेव्हा सुचलं नाही अण्णा तुम्हाला.’ अण्णा म्हणाले, ‘तेव्हा साहेब जात नव्हते.’ अण्णांचं सारं आयुष्य विजेत गेलं. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ते रेल्वेच्या विजेच्या खात्यात होते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला एक माणूस तारेला चिकटून गेलेला त्यांनी पाहिला होता; त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही एका वाक्यात. म्हणून मशीन पडवीत बसवलं त्याच दिवशी त्यांनी नियम केला: ते चालू असताना जवळ यायचं त्याने पाटावर उभं राहायचं. स्वतः त्यांच्या पायात खात्यातले रबरी बूट असत. आमच्यासाठी त्यांनी माजघरातून आईचा जेवणाचा पाट आणून दाराच्या आत ठेवला. कोणीही आलं, शेजारचे, शाळेतल्या माझ्या मैत्रिणी, दादा, की अण्णा आधी त्याला पाटावर चढवत आणि मग बटण दाबत. जणू औक्षणच करायचं आहे, असं दादा म्हणे.

आठव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की मशीन मधेच थांबतं. कधी दहा मिनिटांनी, कधी तीन दिवस नाहीच, कधी तासात चार वेळा. थांबतं आणि आपल्या आपण परत चालू होतं. मी बघायला गेले. पाटावर उभी राहिले. अर्धा तास ते न चुकता चाललं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते, ते धावत आले, ‘चंदू, ये, लवकर ये, बंद पडलंय,’ आणि मी पाटावर पाऊल ठेवते तो गुणगुण सुरू. ‘लाजतं ते,’ अण्णा हसून म्हणाले. तेव्हा हसत होते. ‘बाहेरचं माणूस आलं की पदर सावरून बसतं.’ मग वैशाख गेला, पावसाळा लागला, आणि हसणं कमी झालं. त्यांनी मोटर तीनदा सोडून परत जोडली. तिच्यातले झिजणारे कार्बनचे तुकडे बदलले, बेअरिंगला वंगण घातलं, आतले संपर्क घासून काढले. मोटरचे भाग ते पडवीत वर्तमानपत्रावर ओळीने मांडत आणि शेजारी बसून राहत, नुसते बघत. मी शाळेतून येई तेव्हा ते तसेच बसलेले असत. मी तोवर पुष्कळ वाचलं होतं. माणसाचं मन म्हातारपणी एखाद्या गोष्टीला कसं धरून बसतं, एकटेपणाला ते कसं बाहेरचं रूप देतं, हे मी निरनिराळ्या भाषांतल्या पुस्तकांतून वाचलं होतं, आणि माझ्यासमोर ते घडताना दिसत होतं असं मला वाटत होतं. या ज्ञानाचा मला एक प्रकारचा आधारही वाटत होता. आज लिहायला लाज वाटते, पण वाटत होता.

गणपतीला दादा आला. पानावर बसल्यावर अण्णा एकदम म्हणाले, ‘तुम्हाला खोटं वाटतं तर कस्तुराबाईला विचारा.’ कस्तुराबाई जवळच्या औंढ्याहून रोज सकाळी आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, आई होती तेव्हापासून. दादा मोठ्याने हसला. ‘आता साक्षीला कोण, तर कस्तुराबाई!’ मी हसले नाही, पण वाढता वाढता खाली पाहून ओठ मुडपले, आणि ते अण्णांनी पाहिलं. त्यांनी ताकाची वाटी पुढे सरकवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कस्तुराबाई त्या वेळी मोरीवर भांडी घासत होती. तिच्यात आणि आमच्यात एक भिंत होती. तिला विचारायला मला वीस पावलं चालावी लागली असती.

त्यानंतर दादाने डॉक्टरांना आणलं. अण्णांनी त्यांनाही पाटावर उभं केलं. मशीन चाललं. डॉक्टर निघताना अंगणात मला म्हणाले, वय आहे, त्यात पत्नी गेल्याचा धक्का. विजेपाशी एकटं ठेवू नका. दादाने तसं कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद बरोबर नेला. कधी पुढे लागला तर, म्हणाला. पुढे म्हणजे कुठे, ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. भाद्रपदातल्या एका सकाळी अण्णा आंघोळीला गेले असताना मी स्टुलावर चढून मशीनचा चिनी मातीचा फ्यूज काढला आणि माझ्या पिशवीत टाकला. त्या पिशवीतून तो रोज शाळेत आला. मी भूगोल शिकवी, आणि टेबलावर ठेवलेल्या पिशवीत तो असे. अण्णांनी बटण दाबून पाहिलं असणार, वर पाहिलं असणार. संध्याकाळी मी घरी आले तर ते खाटेवर पडून होते. ‘आलीस?’ एवढंच म्हणाले. त्यानंतर ते फारसे उठलेच नाहीत. कार्तिकात गेले. मी फ्यूज पुन्हा बसवला तो आज, महिपतींना मशीन चालवून दाखवायचं म्हणून.

महिपती गेले तेव्हा दिवेलागण होत होती. मी मशीन बंद केलं आणि अण्णांच्या खाटेखालची वही काढली. ती तिथे आहे हे मला माहीत होतं; उघडण्याचं धैर्य नव्हतं. वेडाचा लेखी पुरावा हातात घ्यायचा नव्हता मला. उघडली तर आत रकाने आखलेले. तारीख, वेळ, हवा, पिंपात किती कपडे, किती मिनिटं चाललं, काय तपासलं, आणि शेवटी एक अरुंद रकाना: थांबण्याच्या वेळी कोण होतं. पानांमागून पानं. अक्षर लहान, सरळ, कुठेही घाई नाही. ‘हवा दमट. कपडे नाहीत. १४ मिनिटं. कार्बन ठीक.’ ‘केबल सोडून सरळ धरून दिव्याने तपासली. दिवा स्थिर. केबल ठीक.’ ‘पाऊस. कपडे भरपूर. थांबलं नाही.’ एकदाही चिडचिड नाही, एकदाही तर्क पुराव्याच्या पुढे गेलेला नाही. मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं स्वच्छ मन मी कागदावर क्वचितच पाहिलं आहे. कोणत्या तरी उंच जागी उभी राहून खाली दरी बघावी तसं मला झालं. तळ स्पष्ट दिसतो. शेवटची नोंद भाद्रपदातली होती. ‘आज चं.ने फ्यूज काढला. पुराव्यावरून तिचं बरोबर आहे.’ पुढची पानं कोरी.

सकाळी आठवड्याची सुट्टी. उजाडताच चहा न घेता मी वही घेऊन पडवीत बसले. दहाला हातगाडी येणार होती. एकदा मशीन त्या दारातून गेलं की अण्णांचं डोकं ठिकाणावर होतं की नव्हतं, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. दादाकडचा तो कागद तेवढा राहणार होता. अण्णा म्हणत, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मी पहिल्यांदा फक्त शेवटचा रकाना वाचत गेले. जिथे थांबलं होतं तिथे: मी एकटा. मी एकटा. मी, क. मी एकटा. मी, क. मी, क. जिथे थांबलं नव्हतं तिथे चं., त्र्यं., डॉ., शेजारचे दोघे, पुन्हा चं. पाच-पन्नास नोंदींत एकही अपवाद नाही. मशीन माणसांना ओळखत होतं असंच कोणीही म्हटलं असतं. क. म्हणजे कस्तुराबाई हे मला दुसऱ्या पानावर कळलं. पण ती आमच्याहून वेगळी कशात, ते कळेना. ती माणूस, आम्ही माणसं. ती जवळ असताना मशीन थांबत होतं, आम्ही असताना नाही. मी डोळे मिटून तिला पडवीत उभी करून पाहू लागले. पदर खोचलेला, हात ओले. आणि मला आठवलं की मशीन आलं त्या आठवड्यात अण्णा तिलाही पाटावर चढायला सांगत होते आणि ती मागे सरत म्हणत होती, ‘न्हाई बया, वैनींचा जेवायचा पाट त्यो. त्याव पाय द्यायचा व्हय?’ मी आतून ऐकलं होतं. शेवटी अण्णांनी तिच्यासाठी मोटारीच्या जुन्या टायरचा तुकडा आणून मोरीजवळ टाकला होता. आम्हा कोणाला त्या पाटावर पाय देताना काही वाटलं नव्हतं. आईचा पाट होता, आमची आई होती. आणि संकोच फक्त तिला झाला.

मी अण्णांचे रबरी बूट पायात घातले. मोठे होत होते. बटण दाबलं आणि मोरीजवळ उभी राहिले. मशीन चालू लागलं. पाच मिनिटं, सात. नवव्या मिनिटाला ते थांबलं. कसलाही आवाज झाला नाही. आवाज गेला इतकंच. पिंपातलं पाणी दोनदा हललं आणि निवांत झालं. बाहेर कुठेतरी चिमण्या होत्या, त्या एकदम ऐकू आल्या. ही शांतता त्यांनी इतक्या वेळा एकट्याने ऐकली होती. मी चालत गेले आणि पाटावर एक पाय ठेवला, भार दिला. गुणगुण. पाय काढला, चालूच. पिंपावर तळहाताने थोपटलं, हादरा बसला, थांबलं. पाटावर भार दिला. गुणगुण. बटण बंद केलं, फ्यूज काढला, आणि मग वाकून पाट उचलला. भिंतीकडून मशीनकडे जाणारी काळी केबल तिथे फरशीच्या उंच कडेवरून वळली होती, आणि पाटाच्या खालची लाकडी पट्टी बरोब्बर तिच्यावर टेकत होती. आतली तार वाकून वाकून तुटली असणार. वरचं रबर साबूत. केबल सरळ धरली की टोकं जुळत, म्हणून दिवा स्थिर. पाटावर कोणी उभं राहिलं की पट्टी दाबत होती, टोकं जुळत होती. मोटरमध्ये काही दोष नव्हताच. जो जो खात्री करायला आला, त्याच्याच वजनाने दोष झाकला गेला. आणि त्याला तिथे उभं केलं होतं अण्णांनी, त्याला इजा होऊ नये म्हणून. मी गुडघ्यांवर तशीच बसून राहिले. एवढ्याशा जागेत, बोटभर केबलमध्ये, सहा महिने मावले होते. आणि मग मला दिसलं की त्याच जागी, वळणाच्या थोडं अलीकडे, केबलला धागा बांधलेला आहे. हिरवा, सुती, तीन वेढे आणि गाठ. माझ्या आधी इथे कोणीतरी येऊन गेलं होतं.

‘घावलं व्हय?’

कस्तुराबाई मागल्या दारात उभी होती. नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर लवकर. धापा टाकत होती.

‘हा धागा कोणी बांधला?’ मी विचारलं.

‘म्या. लुगड्याच्या काठाचा हाय न्हवं.’ तिने पदराची कड पुढे धरून दाखवली. ‘आबांनी बांदाय लावला.’ अण्णांना ती आबा म्हणे.

‘कधी?’

‘तुमी त्ये वरचं पांढरं काढून न्हेल्यालं, त्याच्या फुडं आठ-धा दिसांनी. आबा खाटंवर. डोळं झाकून पडल्यालं. मला वाटलं झोपलं. तर मला म्हनत्यात, कस्तुरे, डॉक्टर आला तवा कुटं उभा व्हता? म्या म्हनलं, पाटाव. चंदू? पाटाव. तिरंबक? त्यो बी पाटाव. आन तू? म्या फरशीव, त्या रबराव. पुन्यांदा इच्यारलं. तिसऱ्यांदा इच्यारलं. मला राग आला, म्हनलं आबा, किती येळा त्येच! तर हसलं. लय दिसांनी हसलं. म्हनलं, जा, पाट उचल, आन केबलीवरनं अंगटा फिरवत ये, दाबत दाबत. कुटं मऊ लागती त्ये बघ. मऊ लागली तितं धागा बांधला.’

वीज नाही, हत्यार नाही, खाटेवरून उठायची ताकद नाही. डोळे मिटून त्यांनी ही सगळी पडवी मनात उभी केली होती, एकेका माणसाला तिच्यात उभं करून, एकेकाला काढून पाहिलं होतं, आणि भिंतीपलीकडच्या एका बोटभर जागेवर येऊन थांबले होते. मी तेच केलं, पण माझ्याकडे वही होती, चालू मशीन होतं, आणि उघडे डोळे होते.

‘मग मला का नाही सांगितलं त्यांनी? तुम्ही का नाही सांगितलंत?’ माझा आवाज वर गेला. ‘दादाने तो कागद... कस्तुराबाई, ते आणखी महिनाभर होते घरात!’

तिने चुंबळ काढून कोनाड्यात ठेवली. ‘म्या म्हनलं हुतं, ताईस्नी सांगते. तर म्हनलं, खबरदार. तू सांगितलंस तर ती मानंल. लगीच मानंल. माज्यासाटी मानंल आन रडत बसंल. मानून काय करायचं? तिनं बघाय पायजे.’

‘आणि मी बघितलंच नसतं तर?’

‘मी बी त्येच इच्यारलं. तर म्हनलं, बघंल. वरीस लागंल, पन बघंल. पुस्तकं लय वाचती, सारखी खाली मान; पन खाली बघती ती कागदाकडं, जिमिनीकडं न्हाई. म्हनून वरीस.’ तिला हसू येत होतं आणि ते ती दाबत होती. ‘यकच सूट दिल्ती. मशीन घरातनं जायाची येळ आली, तर सांगायचं. काल बाजारात महिपती म्हनला, उद्या धा वाजता उचलतो. म्हनून तर आज पळत आले न्हवं मी. आन बघती तर तुमी पाट उचलून बसलाय.’

‘सव्वीस दिवस,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘अण्णांना जाऊन आज सव्वीस दिवस.’

कस्तुराबाईने बोटांची पेरं मोजली, कशासाठी कोण जाणे, ओठ हलवत. मग म्हणाली, ‘आबांनी लय कमी धरलं हुतं म्हना की तुमाला.’

मला वाटलं, नाही, फार जास्त धरलं होतं. महिपती कडी वाजवायला आले नसते आणि त्यांच्या डोळ्यांत ती नजर मी पाहिली नसती, तर वर्ष काय, कधीच नाही. पण हे मी बोलले नाही. एखाद्याने आपल्यावर ठेवलेला विश्वास खोडून काढायला काहीतरी अधिकार लागतो, आणि तो मी फ्यूजबरोबर गमावला होता. अण्णा माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझी बाजू तपासली, पुराव्यावरून ती बरोबर आहे असं लिहिलं, आणि मग माझ्यासाठी एक वर्ष बाजूला काढून ठेवलं, स्वतःजवळ जेमतेम महिना उरला असताना.

पुढच्या दारी हातगाडीची चाकं खडखडली. महिपतींनी कडी वाजवली. मी उठायचा प्रयत्न केला तर पायांना मुंग्या आलेल्या. कस्तुराबाईने माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा धरलं असेल.

‘त्यांना काय सांगू?’ मी विचारलं. तिला विचारलं.

‘हाय त्ये सांगा,’ ती म्हणाली. ‘बंद पडतं म्हनावं. कुटं पडतं त्ये बी सांगा. आन तिरंबकाला त्यो कागद घिऊन हिकडं बोलवा. न्हाई पटलं त्यास्नी, तर मला हाक मारा. म्या हाय हितं.’